रॅक सतरा, चौथा सप्लाय

तामान मेलाती पोलीस चौकी, कुलाई, राज्य जोहोर
दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी १०.४०
जबाब घेणार : सार्जंट झैनाल

मी, जोविता लोजुंगिन, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, डेटा सेंटरमध्ये देखरेख ऑपरेटर, मूळ गाव तांबुनान, राज्य साबा, हल्ली राहणार खोली नंबर ६, किराणा दुकानाच्या वर, दुसरा मजला, तामान मेलाती, कुलाई. मला चौकीतून बोलावणे आलेले नव्हते. मी आपण होऊन आले आहे आणि समक्ष सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी सहा वर्षांपासून एकटी राहते. माझे लग्न झालेले नाही. आई व भाऊ तांबुनानला असतात. गावी शेवटची मे २०२३ मध्ये सुगीच्या सणाला गेले होते. कुलाईत माझे नात्याचे कोणी नाही.

मी जिथे काम करते त्याच कंपनीने दिनांक १५ रोजी या चौकीत फिर्याद दिली आहे. ती श्री. चोंग फुई मिन, वय ६३, यांच्याविरुद्ध आहे. ते आमच्याकडे वीज-तंत्रज्ञ होते व दिनांक ३० जून रोजी निवृत्त झाले. त्यांनी माझे कार्ड चोरून डेटा हॉलमध्ये प्रवेश केला आणि यंत्रांचे नुकसान केले, असे फिर्यादीत आहे. सोबत माझ्या सहीचा एक कागद जोडलेला आहे. त्या कागदात लिहिलेले खरे नाही. माझे कार्ड चोरीला गेले नव्हते.

माझे काम असे आहे. मी काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसते. काचेपलीकडे हॉल आहे, त्यात कॉम्प्युटरचे रॅक ओळींनी उभे आहेत. प्रत्येक रॅकला सहा पॉवर सप्लाय असतात आणि सहा मिळून त्या रॅकचा भार उचलतात. आपण किती अँपिअर करंट देतो हे प्रत्येक सप्लाय स्वतःच मोजतो आणि तो आकडा माझ्या पडद्यावर येतो. सहांचे आकडे सारखे राहतील अशा बेताने ते आपसात भार वाटून घेतात.

सप्लाय स्वतःचा करंट कसा मोजतो असे सार्जंटांनी विचारल्यावरून सांगते की, त्याच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते. सगळा करंट तिच्यातून जातो. जाताना पट्टीच्या दोन टोकांमधल्या विजेच्या दाबात किंचित फरक पडतो, त्या फरकावरून आकडा काढतात. पण पट्टीत थोडी वीज जळून वाया जाते. फेब्रुवारी महिन्यात आमच्याकडे नव्या बनावटीचे सप्लाय आले. त्यांच्यातली पट्टी अशी की तिच्यात फारच कमी वीज वाया जाते. हॉल थंड राहू लागला. मात्र फरकही तितकाच बारीक झाला, त्यामुळे पट्टी जोडणारा टाका जरा वाकडा बसला तरी आकडा चुकू शकतो. हे मला चोंग अंकलनी सांगितले. ते नव्या मालाला नावे ठेवत नसत. ते म्हणायचे, “काम छान केलंय. पण माशीचं वजन करायचं तर तराजूही तसाच लागतो ना.”

श्री. चोंग यांना मी अंकल म्हणते. यापुढे तसेच सांगते.

नोकरीत असताना अंकल रोज एका ओळीची हाताने तपासणी करत. ओळीच्या टोकाला वीजपेटी असते. तिथे प्रत्येक सप्लायला जाणाऱ्या एकेका वायरीभोवती ते चिमट्याचा मीटर लावत. त्या मीटरने वायर न कापता बाहेरून करंट कळतो. तो सप्लायला जाणारा करंट असतो, माझ्या पडद्यावर सप्लायने दिलेला दिसतो. अंकल मनात हिशेब करून दोन्ही जुळवत. आमचे बोलणे वॉकीटॉकीवर चाले. ते असे :

“जोवी, क ओळ, रॅक नऊ, दुसरा. तुझ्याकडे किती?”

“अडतीस.”

“जुळतंय. पुढे चल.”

असे चार वर्षे चालले. दुसरे काही बोलण्यासारखे नसे. कधी म्हणायचे, “जेवलीस का?” मी हो म्हणत असे, न जेवता सुद्धा. मग ते म्हणायचे, “आवाजावरून वाटत नाही.”

मार्च महिन्यात हाताने करायची तपासणी बंद करण्यात आली. सप्लाय स्वतः मोजतात, मग पुन्हा मोजायला माणूस कशाला, असे वरून आले. आमचे शिफ्टप्रमुख श्री. रुस्लान यांनी ते माझ्या खोलीत अंकलना सांगितले. तेव्हाचे बोलणे मला आठवते.

अंकल म्हणाले, “बॉस, ज्याला तोलायचं त्यालाच विचारायचं, बाबा तुझं वजन किती? असं कुठे असतं का?”

श्री. रुस्लान म्हणाले, “अंकल, घरी वजनकाट्यावर उभे राहिलात तर शेजाऱ्याला बोलावता का बघायला?”

“बायको होती तोवर ती बघायची,” अंकल म्हणाले. “मी दोन किलो कमी सांगायचो.”

श्री. रुस्लान हसले. अंकलही हसले. तपासणी बंद झाली. त्यांची पत्नी २०१९ साली वारली आहे. एक मुलगी आहे, ती ऑस्ट्रेलियात पर्थला असते.

अंकल निवृत्त झाल्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे ७ जुलै रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. हॉलच्या तपासणीची वेळ नऊ दहाचीच होती.

ते म्हणाले, “काही काम नाही. सगळं ठीक आहे ना?”

मी म्हटले, “ठीक आहे.”

“मग एखादा आकडा सांग. कुठलाही.”

मी सांगितला. बाहेरच्या माणसाला आकडे सांगायला कंपनीची मनाई आहे. ते मला माहीत होते. त्या दिवसापासून १३ नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक कामाच्या दिवशी त्यांचा फोन आला. तीन दिवस आला नाही, तेव्हा त्यांना ताप होता. फोन दोन-तीन मिनिटांचा असे. या वेळात कोणी चहाला बोलावले तरी मी जात नसे. तसे बोलावणारेही कोणी नव्हते.

ऑफिसात या फोनची थट्टा होत असे. श्री. रुस्लान म्हणायचे, “जोविता, म्हाताऱ्याला सांग, आता गळ टाकून मासे धर म्हणावं. अँपिअर कसले धरतोस.” दुसरा एक जण म्हणाला होता, “तारीख ठरली की जेवायला बोलवा.”  अंकलना मी हे सांगितले नाही.

दिनांक २७ ऑक्टोबर रोजी अंकलनी क ओळीतला रॅक सतरा विचारला. मी सहा आकडे वाचून दाखवले. सगळे चाळीसच्या आसपास होते. ते म्हणाले, “पंखे वाच.” प्रत्येक सप्लायला छोटा पंखा असतो, त्याचा वेगही पडद्यावर दिसतो. पाच पंखे मिनिटाला सात हजार फेरे मारत होते. चौथ्याचा अकरा हजार होता.

अंकलनी चौथ्याचे दोन्ही आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “हा म्हणतो, मी सगळ्यांइतकंच उचलतोय. मग यालाच एवढा घाम का?”

मी म्हटले, “पंख्यात धूळ असेल.”

“असेल. पण जोवी, ह्याचा आकडा कमी येत असेल तर काय होतं बघ. बाकीचे म्हणणार, याच्याकडे अजून जागा आहे, घाला याच्यावर. जितकं कमी सांगेल तितकं जास्त ओझं. घरात जो कुरकुरत नाही त्याच्याच गळ्यात कामं पडतात, तसं.”



त्यांनी असेही सांगितले की, भार फार झाला तर सप्लाय आपण होऊन बंद पडतो. पण फार झाला हे त्याला त्याच पट्टीवरून कळायचे. पट्टीच चुकली तर तो बंद पडणार नाही, जळेल.

मी दिनांक २८ ऑक्टोबर व ४ नोव्हेंबर रोजी श्री. रुस्लान यांना लेखी कळवले. दोन्ही वेळा उत्तर आले की आकडे मर्यादेत आहेत. दिनांक ५ रोजी पंख्याची धूळ काढली. पंखा अकरा हजारच राहिला. दिनांक १२ रोजी तो तेरा हजार झाला.

दिनांक १३, गुरुवारी, फोनवर मी त्यांना म्हटले, “अंकल, तुम्ही येऊन बघाल का?”

ते म्हणाले, “मी आता बाहेरचा माणूस. मला कोण आत घेणार?”

मी म्हटले, “दार माझ्या कार्डाने उघडतं. उद्या नमाजच्या वेळी मी एकटीच असते.”

“तुझी नोकरी आहे, पोरी. वेडेपणा करू नकोस.”

मी म्हटले, “दोन मिनिटांचं काम आहे. आकडा लिहून घेईन आणि बॉससमोर ठेवीन.” ते नको म्हणत होते. मी पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते बरं म्हणाले.

असे का केले, असे सार्जंटांनी विचारल्यावरून सांगते की, रॅकची काळजी होती हे खरे, पण ते अर्धेच कारण आहे. ३० जूननंतर मी त्यांना पाहिलेले नव्हते.

दिनांक १४, शुक्रवार. दुपारी १२.५५ वाजता श्री. रुस्लान आणि दोघे जण मशिदीत गेले. मी खोलीत एकटी होते. पाहुण्यांच्या यादीत मी सकाळीच अंकलचे नाव घातले होते आणि कारण ‘निवृत्तीची कागदपत्रे’ असे लिहिले होते. तेही खोटे होते. १.१० वाजता फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना सोडले. त्याचा यात दोष नाही, त्याला मी फसवले.

अंकलनी कंपनीचाच जुना शर्ट घातला होता. इस्त्री केलेला होता. खिशावरचे कंपनीचे नाव उसवून काढले होते, तिथला कापडाचा रंग वेगळा दिसत होता. अंकल स्वतः अंगाने वाळले होते.

त्यांच्या पिशवीत काय होते असे विचारल्यावरून सांगते की, त्यांचा स्वतःचा चिमट्याचा मीटर, रबरी हातमोजे आणि एक स्टीलचा डबा होता. डब्यात सारण भरलेले टोफू होते. ते त्यांनी घरी केले होते आणि अजून गरम होते. ते म्हणाले, “आधी खा.” मी म्हटले, “आधी मोजू, मग दोघं मिळून खाऊ.” हा डबा सध्या आपल्याकडे जप्त मालात आहे. त्यात दुसरे काही नव्हते.

१.१८ वाजता मी माझ्या कार्डाने हॉलचे दार उघडले. मी पुढे होते, ते मागून आले. ओळीच्या टोकाची वीजपेटी त्यांनी उघडली. मीटरचा आकडा नीट दिसावा व बटण दाबता यावे म्हणून त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला. हे मी पाहिले व त्यांना टोकले नाही. चिमट्यात एकच वायर घ्यावी लागते, दोन घेतल्या तर शून्य दिसते. त्यांनी एकेक वायर सोडवून घेतली. मी वहीत लिहीत गेले.

“पहिला, दहा पूर्णांक एक.”

“लिहिला.”

“दुसरा, दहा. तिसरा, दहा पूर्णांक दोन.”

“लिहिला.”

चौथ्याचा आकडा त्यांनी दोनदा पाहिला. चिमटा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, “सतरा.” अशा सप्लायला जास्तीत जास्त तेरा घ्यायची परवानगी असते. पाचवा तेरा निघाला. सहावा दहा. वहीचे ते पान मी आज हजर करत आहे.

आपले म्हणणे खरे ठरले याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. ते रॅकपाशी गेले, चौथ्या सप्लायजवळ हाताचा मागचा भाग धरला आणि म्हणाले, “जोवी, बॉसला फोन लाव.”

१.२६ व १.२७ वाजता मी श्री. रुस्लान यांना फोन केला. बंद होता. १.२८ वाजता सप्लाय बनवणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि चोवीस तासांत माणूस येईल म्हणाले. तोपर्यंत जळक्या वार्निशचा वास येऊ लागला होता. १.३१ वाजता चौथ्या सप्लायच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली.

अंकल म्हणाले, “हा आता बंद करून बाहेर काढायला हवा.”

मी म्हटले, “पाचवाही तेराला टेकलाय, अंकल. त्याच्यावर भार आला तर रॅक बसेल.”

“बसू दे. आग लागली तर ओळच जाईल. तू सांग, तू ड्युटीवर आहेस.”

मी म्हटले, “बंद करा.”

हे मी म्हटले. ड्युटीवर मीच होते, त्यामुळे तो निर्णय माझा होता.

त्यांनी पेटीतला चौथ्याचा खटका पाडला. पंखा थांबला. मग डाव्या हाताने रॅक धरून उजव्या हाताने त्यांनी सप्लाय ओढला. आत काहीतरी वितळले असावे. मागच्या बाजूने रॅकची वीज त्याला अजून जोडलेलीच होती. एकदम उजेड झाला आणि आवाज झाला. ते मागच्या मागे पडले, डोके समोरच्या रॅकवर आपटले. धुरामुळे यंत्रणेने पूर्ण क ओळीची वीज तोडली. ओळ २६ मिनिटे बंद होती. फिर्यादीत जे नुकसान लिहिले आहे ते या २६ मिनिटांचे आहे. ओळ अंकलनी बंद केलेली नाही.

त्यांच्या उजव्या हाताचा तळवा व बोटे भाजली होती. मी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या हातावर ओतल्या आणि अँब्युलन्सला फोन केला. ते रॅकला टेकून बसले होते, शुद्धीवर होते.

ते म्हणाले, “आकडा लिहिलास ना?”

“लिहिला.”

“कार्ड दे तुझं.”

मला कळले नाही. त्यांनी डाव्या हाताने माझ्या गळ्यातले कार्ड काढले आणि स्वतःच्या खिशात घातले.

“मी टेबलावरून चोरलं. तू आवाज ऐकून धावत आलीस. समजलं?”

मी म्हटले, “अंकल, असं नको.”

ते म्हणाले, “माझी नोकरी संपलेली आहे. संपलेल्या माणसाचं काय घेणार ते? तू गप्प राहायचंस. एवढं ऐक माझं.”

१.५२ वाजता श्री. रुस्लान धावत आले. त्यांनी विचारले, “याला आत कोणी घेतलं?” अंकलनी खिशातले कार्ड दाखवले आणि म्हणाले, “हिच्या टेबलावरून उचललं. हिला पत्ता नाही.”

श्री. रुस्लान यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. अँब्युलन्समध्ये चढवेपर्यंत वेळ होता. तेवढ्या वेळातही मी बोलले नाही.

त्याच दिवशी दुपारी ३.३० वाजता ऑफिसात मला एक टाईप केलेला कागद देण्यात आला. त्यात कार्ड चोरीला गेल्याचे लिहिले होते. मी श्री. रुस्लान यांना म्हटले, “दारावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत असेल.” ते म्हणाले, “तो कॅमेरा दोन दिवस बंद आहे.” मग दार लावून घेऊन म्हणाले, “हे बघ, म्हातारा स्वतः कबूल करतोय. आता तुलाही घालवून बसू का? दोघांतलं एक तरी वाचू दे.” ते वाईट हेतूने बोलले असे मला वाटत नाही. मी सही केली. माझ्यावर कोणी हात उचलला नाही की धमकी दिली नाही.

दिनांक १५, शनिवारी मी जोहोर बारूच्या सरकारी इस्पितळात गेले. वॉर्डच्या दारावरच्या नर्सने नाते विचारले. मी म्हटले, सोबत काम करत होतो. ती म्हणाली, पोलीस प्रकरण आहे, नातेवाइकांनाच सोडता येईल. पेशंटकडे कोणी आले का, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्हीच पहिल्या.” मी दुपारी चारपर्यंत बाकावर बसले आणि परत आले. दोन बोटे काढावी लागली असे तिने जाताना सांगितले.

मुलीला कोणी कळवले नसावे असे वाटल्याने मी कंपनीच्या जुन्या नोंदीतून तिचा नंबर काढला व त्याच संध्याकाळी फोन केला. मी ऑफिसातून बोलते म्हटल्यावर ती म्हणाली, “ऑफिसातून? पण बाबा अजून कामावर जातात ना? मला सांगून ठेवलंय, सकाळी नऊनंतर फोन करू नकोस, मी ड्युटीवर असतो.”

मी म्हटले, “हो. ड्युटीवरच होते.”

मग जे झाले ते सांगितले. तिने विचारले, “तुम्ही त्यांच्या कोण?” मी पुन्हा माझे नाव सांगितले. ती बुधवारी येत आहे.

रविवारी मी घरीच होते. चर्चला गेले नाही. आईचा फोन आला होता. सगळे ठीक आहे असे सांगितले.

दिनांक १७, सोमवारी, सप्लाय बनवणाऱ्यांकडची तीन माणसे आली. क ओळीतले नव्या बनावटीचे चोवीस सप्लाय त्यांनी काढून हॉलमध्येच टेबलावर तपासले. मी काचेतून पाहत होते. चोवीसपैकी नऊ आकडा कमी सांगत होते. ते नऊ खोक्यांत भरून नेण्यात आले. नऊ हा आकडा मला त्यांच्या कागदावर दिसला, मला कोणी सांगितला नाही. त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला नाही. मी जागेवर होते.

अकराच्या सुमारास श्री. रुस्लान माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “म्हाताऱ्याचं बरोबर होतं.”

मी म्हटले, “मग फिर्याद मागे घ्या.”

ते म्हणाले, “ते वरचे लोक ठरवतात. माझ्या हातात काय आहे?”

मी विचारले, “मी लिहून दिलेला कागद परत मिळेल का?”

ते म्हणाले, “तो पोलिसांकडे गेला.” म्हणून मी आज इथे आले. आज माझी ड्युटी होती. रजा सांगितलेली नाही.

अंकलनी इस्पितळात या चौकीच्या माणसांसमोर दिलेल्या जबाबात कार्ड चोरल्याचे कबूल केले आहे, असे मला आत्ता सांगण्यात आले. तो जबाब खोटा आहे. तो त्यांनी माझ्यासाठी दिला. त्यांनी काहीही चोरलेले नाही. कुठलेही दार त्यांनी उघडले नाही. वीज-तंत्रज्ञ म्हणून त्यांनी त्या दुपारी जे केले ते बरोबर होते, एका हातमोज्याचे सोडून.

सार्जंटांनी मला समजावून सांगितले की या जबाबावरून माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि आधी सही केलेल्या कागदाबद्दल वेगळी विचारणा होईल. ते मला समजले. वकील हवा का असे विचारले. मी नको म्हटले. इस्पितळात भेटायची परवानगी मिळेल का असे मी विचारले. जबाब देणाऱ्या साक्षीदाराला आरोपीला भेटता येत नाही, असे त्यांनी सांगितले. हे मला आधी माहीत नव्हते. माहीत असते तरी जबाब दिला असता.

सार्जंट असेही म्हणाले, “बाई, म्हातारा माणूस, गोड बोलून त्याने तुम्हाला भरीला घातलं असेल. तसं लिहू का? तुमचं जरा हलकं होईल.” मी नाही म्हटले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, दोन ठिकाणी मी पुन्हा वाचायला लावला. पान तीनवर ‘श्री. चोंग यांच्या सांगण्यावरून दार उघडले’ असे आले होते. ते शब्द माझ्यासमोर खोडून त्या जागी ‘मी स्वतः त्यांना बोलावून दार उघडले’ असे घातले आहे. खाडाखोडीच्या बाजूला माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसा आहे.

समक्ष
(सही) जोविता लोजुंगिन
(सही) सार्जंट झैनाल
वेळ दुपारी १.१५